सकाळचा फिका, दुपारचा गडद: डाय हाउसच्या लॅबमधल्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून ही वही. कारण सकाळी मालकांनी माझ्या टेबलावर टॉवेलचे दोन तुकडे आपटले. दोन्ही मरून, एकाच थानातले, एकाच रेसिपीने रंगवलेले. एक सकाळी नऊला मारलेला, दुसरा दुपारी तीनला. शेजारी शेजारी ठेवले तर सकाळचा तुकडा चार धुण्यांचा जुना वाटतो. "पार्टीला ह्यातला कुठला दाखवू तेवढं सांगा," म्हणाले आणि गेले. पार्टी म्हणजे आमचं गिऱ्हाईक.

आमचं डाय हाउस सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. टेरी टॉवेल आणि त्याचं सूत रंगवतो. लॅब म्हणजे पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली खोली. एक तराजू, एक वॉटर बाथ (तुकडे रंगवायचं गरम पाण्याचं भांडं), काचसामान, रॅकवर रंगांच्या बाटल्या. माणसं तीन: मी (बीएस्सी केमिस्ट्री, इथे सात महिने), डाईंग मास्तर अण्णा (ह्या धंद्यात पस्तीस वर्षं, वडील जुन्या मिलच्या रंगखात्यात होते), आणि बारक्या, जो दहावीनंतर इथे लागला आणि बऱ्याचशा बाटल्या तोच भरतो.

अण्णांचं निदान ठरलेलं. "रंगच खराब आलाय ओ. डबा बदला." पण डबा तोच, कापड तेच, पाणी तेच, वॉटर बाथचं तापमान दोन्ही वेळा मीच बघितलं होतं. बदललं काय, तर फक्त घड्याळ. डब्याला हात न लावता आधी बाटल्या बघायच्या ठरवल्या.

७ जानेवारी

बाटल्या बघण्याआधी रेसिपी कार्ड बघितलं आणि कपाळावर हात मारला. एकाच कार्डावर तीन प्रकारचे आकडे आहेत, आणि प्रत्येक जण ते आपल्या परीने वाचतो.

रंग ४ टक्के. हे टक्के कापडाच्या वजनावर: १०० ग्रॅम कापडाला ४ ग्रॅम रंग. त्याखाली मीठ ८० ग्रॅम पर लिटर आणि सोडा २० ग्रॅम पर लिटर. हे हिशोब टबातल्या एकूण लिकरवर, म्हणजे रंगाच्या पाण्यावर, कापडाशी संबंध नाही. (सोडा म्हणजे सोडा अ‍ॅश, सोडियम कार्बोनेट. मीठ म्हणजे आमच्याकडे ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट. जेवणातल्या मिठाला इथे कुणी मीठ म्हणत नाही, त्याला 'डब्यातलं' म्हणतात.) आणि बाटल्यांवर खडूने लिहिलेलं: १%, २०%, २०%. हे वजन-आकारमान टक्के. १०० मिली द्रावणात इतके ग्रॅम पदार्थ. १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, लिटरात १० ग्रॅम, एका मिलीत १० मिलिग्रॅम.

बारक्याला जमिनीवर खडूने मांडून दाखवलं. तुकडा १० ग्रॅमचा, शेड (रंगाची छटा) ४ टक्के, म्हणजे रंग लागणार ०.४ ग्रॅम. बाटलीत १०० मिलीत १ ग्रॅम आहे, मग ०.४ ग्रॅम किती मिलीत? ४० मिलीत. तुकड्याचं वजन गुणिले शेडचे टक्के, भागिले बाटलीचे टक्के. "दहा चोक चाळीस, भागिले एक," असं त्याने दोनदा म्हणून पाठ केलं. मग विचारलं, "दिवाळीचा बोनस पण टक्क्यातच देतेत की ओ मॅडम. त्ये कशावर धरतेत?"

मला सांगता आलं नाही. माझाही प्रश्न तोच आहे.

लिकर रेशो एकास दहा, म्हणजे १० ग्रॅम तुकड्याला १०० मिली लिकर. मीठ ८० ग्रॅम पर लिटर, म्हणजे १०० मिलीत ८ ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या बाटलीतलं ४० मिली. सोडा २ ग्रॅम, म्हणजे १० मिली. रंग ४०, मीठ ४०, सोडा १०, झाले ९०. वर साधं पाणी १० मिली. कागदावर सगळं चोख बसतं.

९ जानेवारी

आज अण्णांना मिठाची बाटली भरताना मुद्दाम उभं राहून पाहिलं. त्यांची पद्धत: लिटरच्या मापाने एक लिटर पाणी बादलीत, त्यात २०० ग्रॅम मीठ, ढवळलं की झालं वीस टक्के. वडिलांपासून हीच रीत. काही बोलले नाही. बादलीतलं द्रावण नंतर हळूच मोजपात्रात ओतून बघितलं. एक हजार पस्तीसच्या पुढे भरलं.

मीठ विरघळलं म्हणजे जागा सोडून गेलं असं होत नाही, ते आपली जागा घेतंच. २०० ग्रॅम मीठ १०३५ मिलीत, म्हणजे बाटलीत २० टक्के नव्हे, १९.३ टक्के. बरोबर रीत ही: मीठ आधी सात-आठशे मिली पाण्यात विरघळवायचं, गार होऊ द्यायचं, मानेवर मापाची रेघ असलेल्या लिटरच्या फ्लास्कमध्ये ओतायचं, बीकर दोन-तीनदा खंगाळून ते पाणीही त्यातच घालायचं, आणि मग रेघेपर्यंत पाणी भरायचं. "एक लिटर पाण्यात" आणि "एक लिटर होईपर्यंत" ह्या दोन वाक्यांत साडेतीन टक्क्यांचा फरक पडला.

अण्णांना दाखवलं. त्यांनी मोजपात्र डोळ्यासमोर धरलं, दोनदा फिरवलं. "मग माझं पस्तीस वर्षं चुकलं काय?" मी म्हटलं, चुकलं नाही, कारण तुम्ही दर वेळी तसंच चुकलात. रोजची चूक सारखी असेल तर शेडही सारखाच येतो. गडबड होते ती एक बाटली तुम्ही भरली आणि दुसरी मी भरली तर. ह्यावर ते हसले, आणि चहा माझ्या नावावर मांडला.

पण एवढ्याने सकाळ-दुपारचं कोडं सुटत नाही. १९.३ टक्के असेल तर ते सकाळीही १९.३ आणि दुपारीही.

१० जानेवारी

आईला अशक्तपणा आला म्हणून काल रात्री दवाखान्यात सलाईन लावली. खुर्चीवर बसून बाटलीचं लेबल वाचत होते: सोडियम क्लोराईड ०.९ टक्के, डब्ल्यू/व्ही. म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम, ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. माणसाच्या शिरेत जाणारं द्रावणही ह्याच हिशोबात लिहितात, कारण नर्सला मिलीत मोजायचं असतं आणि डॉक्टरला ग्रॅम कळायला हवेत. घनता कुणी विचारत बसत नाही. आमच्या बाटल्यांचंही तेच: पिपेट (मापाची काचनळी) मिली देते, रेसिपीला ग्रॅम हवेत.

रिकामी बाटली धुऊन बारक्याला दाखवायला आणली. आई बरी आहे.

१७ जानेवारी

मधले दिवस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गेले. निम्मी माणसं नंदीध्वजामागे, बाकीची पाळण्यांमागे. लॅब तीन दिवस बंद. आणि बंद राहिली म्हणूनच सापडलं.

आज सकाळी साडेआठला कुलूप उघडलं तर आत हुडहुडी. भिंतीवरच्या थर्मामीटरला १४ अंश. पत्रा रात्री गार होतो तो उन्हं चढेपर्यंत तसाच. मिठाची बाटली उचलली तर तळ जड लागला. उजेडात धरली: तळाशी दोन बोटं जाडीचा काचेसारखा थर, लांबट खडे, एकमेकांत अडकलेले. सोड्याच्या बाटलीतही तसंच, थोडं कमी. वरचं पाणी स्वच्छ नितळ. रोज सकाळी आम्ही पिपेट बुडवतो ती ह्या नितळ पाण्यात.

सोडियम सल्फेटची विद्राव्यता थंडीत झपाट्याने पडते. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम साडेएकोणीस ग्रॅम राहतं, १० अंशांना नऊच्या आसपास. म्हणजे २० टक्क्यांचं द्रावण १४ अंशांना टिकणं शक्यच नाही. जास्तीचं मीठ खाली बसणार. दुपारी खोली तिशीवर जाते, बारक्या बाटली हलवून वॉटर बाथजवळ ठेवतो, खडे परत विरघळतात, आणि बाटली पुन्हा वीस टक्क्यांची होते. म्हणून दुपारचा तुकडा बरोबर.

नुसतं कळून भागणार नाही, आकडा हवा. मिठाच्या बाटलीतलं वरचं १० मिली पिपेटने काढून वजन केलेल्या चिनीमातीच्या बशीत आटवलं, कोरडं करून पुन्हा वजन केलं. २ ग्रॅम यायला हवे होते, १.२४ आले. १२.४ टक्के.

सोड्याला आटवायची गरज नाही, त्याचं टायट्रेशन होतं, म्हणजे ठाऊक ताकदीचं आम्ल थेंबाथेंबाने घालून किती लागतं ते मोजायचं. वरचं ५ मिली कोनिकल फ्लास्कमध्ये, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब (सोडा संपला की ह्याचा रंग बदलतो), ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या मापनळीत, १ नॉर्मल ताकदीचं हायड्रोक्लोरिक आम्ल. एक मिली आम्लाला ०.०५३ ग्रॅम सोडा अ‍ॅश. बाटली खरोखर २० टक्क्यांची असती तर ५ मिलीत १ ग्रॅम, म्हणजे १८.९ मिली आम्ल लागलं असतं. पिवळ्याचा नारिंगी झाला १४.७ ला. पुन्हा केलं, १४.७. म्हणजे १५.६ टक्के.

मीठ कमी म्हणजे रंग कापडाकडे कमी सरकतो, पाण्यातच राहतो. सोडा कमी म्हणजे जो सरकला तोही नीट बसत नाही. दोन्ही एकदमच कमी. मरून धुवट होणार नाही तर काय.

अण्णांना बोलावून बाटली उलटी धरली. खडे तळाला चिकटलेले, पडेनात. बराच वेळ बघत राहिले. "थंडीत हात आखडतेत तसं मीठ आखडतंय की ओ," म्हणाले. केमिस्ट्रीच्या कुठल्याही तासाला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

जाता जाता एक: ते खडे नुसतं मीठ नाहीत. मिठाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू बांधून बसतात, खड्याच्या वजनातलं निम्म्याहून जास्त पाणीच. म्हणून थर दिसतो केवढा आणि मीठ निघतं केवढं. हे लिहून ठेवते, पुढे लागेल.

२० जानेवारी

उपाय सोपा वाटला: बाटल्या २० ऐवजी १० टक्क्यांच्या करा. १० टक्के मीठ आमच्या थंडीत तळाला बसत नाही. काल रात्री दोन बाटल्या खिडकीत ठेवून बघितल्या, सकाळी दोन्ही नितळ, तळ मोकळा.

पण मग आकडे बसेनात. मरूनला मीठ ८ ग्रॅम, १० टक्क्यांचं म्हणजे ८० मिली. सोडा २ ग्रॅम म्हणजे २० मिली. झाले १०० आणि रंगाचे ४० अजून बाहेरच. एकूण १४० मिली, भांडं १०० चं. अण्णा म्हणाले, लिकर रेशो वाढवा. ते करून चालणार नाही. बल्कला, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या मालाला, मशीन एकास दहावर चालतं, लॅबने एकास चौदावर शेड काढला तर पुन्हा जुळायचं नाव नको.

शेवटी असं ठरलं. फिक्या शेडला सगळं बाटलीतून, १० टक्क्यांनी. उदाहरणार्थ परवाचा राखाडी: मीठ ३० ग्रॅम पर लिटर म्हणजे ३० मिली, सोडा १० ग्रॅम पर लिटर म्हणजे १० मिली, रंगांना भरपूर जागा उरते. गडद शेडला मीठ बाटलीतून घ्यायचंच नाही, ८ ग्रॅम तराजूवर मोजून सुकंच भांड्यात टाकायचं. सोडा १० टक्क्यांच्या बाटलीतून २० मिली. रंगाची वेगळी बाटली २ टक्क्यांची करायची, म्हणजे ४० ऐवजी २० मिली लागेल. २० अधिक २०, पाणी ६०. सुकं मीठ टाकायला बारक्याला एक वजन जास्त करावं लागतं. त्याची कुरकुर ऐकून घेतली.

बाटल्यांवरचा खडू पुसला. आता प्रत्येकीवर कागद चिकटवलाय: पदार्थ, "१० ग्रॅम → १०० मिली", कुणी भरली, कधी भरली. टक्क्याचं चिन्ह मुद्दाम लिहिलेलं नाही. ते लिहिलं की प्रत्येक जण आपल्या मनातले टक्के वाचतो.

२ फेब्रुवारी

सकाळ-दुपार मरून जुळतोय. आता राखाडीने छळलंय.

राखाडीत पिवळा ०.०८ टक्के, लाल ०.०६, निळा ०.२५. १० ग्रॅम तुकड्याला १ टक्क्याच्या बाटलीतून पिवळा ०.८ मिली, लाल ०.६ मिली. १० मिलीच्या पिपेटवर ०.६ मिली मोजणं म्हणजे तांदूळ मोजायला ट्रकचा काटा. एक थेंब इकडे तिकडे झाला तर साधारण ०.०५ मिली, म्हणजे लालमध्ये सरळ आठ टक्के फरक. आणि राखाडी हा असा रंग आहे की लाल जरा जास्त झाला तर तो जांभळट होतो आणि पार्टीचा फोन येतो.

म्हणून फिक्या रंगांना ०.१ टक्क्याच्या बाटल्या केल्या. ०.२५ ग्रॅम रंग मोजून थेट २५० मिली करता आला असता, पण आमचा तराजू ०.०१ ग्रॅमचाच. ०.२५ वर ०.०१ ची चूक म्हणजे चार टक्के. त्यापेक्षा आधी २.५ ग्रॅम २५० मिलीत करून १ टक्क्याचं द्रावण, मग त्यातलं २५ मिली पिपेटने काढून पुन्हा २५० मिलीपर्यंत. दहापट पातळ, ०.१ टक्का. तराजूची चूक आता अर्ध्या टक्क्याच्या आत. पिवळा ८ मिली, लाल ६ मिली, निळा २५ मिली, मीठ ३०, सोडा १०, पाणी २१. पिपेट सुखाने मोजते.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग (आमचे हे सुताशी रासायनिक बंध करणारे रंग) विरघळवताना बारक्याला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. आधी थोड्या गार पाण्यात पेस्ट, गुठळी राहता कामा नये, मग डब्यावर सांगितलं असेल तेवढं कोमट पाणी. आणि रेघेपर्यंत भरताना नेहमीसारखं खालची गोलाई बघायची नाही. गडद रंगात ती दिसतच नाही. वरची कड रेघेवर आणायची, आणि दर वेळी वरचीच. डोळा रेघेच्या पातळीला. बारक्या उभ्यानेच वाकून बघतो, मग गुडघ्यावर बसायला लावते.

तराजू चालू असताना पंखा बंद. फेब्रुवारीत कुणी काही बोलत नाही.

१८ फेब्रुवारी

डीएम पाणी, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, संपलं होतं. बारक्याने सोड्याची बाटली बोअरच्या पाण्याने भरली. ताकासारखी गढूळ. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम सोड्याशी मिळून खडूसारखा पांढरा साका करतो. ओतून दिली. आता डीएमचा कॅन अर्ध्यावर आला की चिठ्ठी.

६ मार्च

आज चूक माझी, म्हणून सविस्तर.

स्कवरिंगच्या (रंगवण्याआधी कापड उकळून स्वच्छ करण्याच्या) ट्रायलसाठी कॉस्टिकचं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईडचं, १० टक्के द्रावण हवं होतं, २५० मिली. म्हणजे २५ ग्रॅम. कॉस्टिकच्या गोळ्या डबा उघडा राहिला की हवेतलं पाणी ओढून ओशट होतात, म्हणून घाईने वजन केलं, बीकरमध्ये पाण्यात घातल्या (गोळ्या पाण्यात, पाणी गोळ्यांवर नाही, गॉगल आणि हातमोजे घालून). बीकर हाताला चटका बसेल इतका तापला. इथवर ठीक. पण मालक दारात उभे, ट्रायल कधी, ट्रायल कधी. मी ते गरम द्रावण तसंच फ्लास्कमध्ये ओतलं आणि रेघेपर्यंत पाणी भरून मोकळी झाले.

जेवून परत आले तर द्रावण रेघेच्या बोटभर खाली. कुणी सांडलं नव्हतं, आटलंही नव्हतं, बूच घट्ट होतं. गरम असताना फुगलं होतं, गार झालं तशी जागेवर आलं. साठ अंशांचं पाणी खोलीच्या तापमानाला आलं तर सव्वा टक्का आकसतं, २५० मिलीत तीन मिली. त्या अरुंद मानेत तीन मिली म्हणजे बोटभर. दहा टक्क्यांची बाटली १०.१ टक्क्यांची झाली असं म्हणू, चूक मोठी नाही. आता पाणी घालून रेघेवर आणली की सुधारलीही. पण हीच चूक बारक्याने केली असती तर मी त्याला अर्धा तास ऐकवलं असतं, म्हणून त्याला बोलावून फ्लास्क दाखवला आणि कुणी केलं तेही सांगितलं. खूश झाला.

ह्याच बाटलीवरून अण्णांनी विचारलं की कॉलेजातले लोक "एक मोलर" म्हणतात ते काय. कॉस्टिकचा हिशोब पटकन सांगता येतो: त्याचा रेणुभार ४०, म्हणून लिटरात ४० ग्रॅम म्हणजे १ मोलर, आणि लिटरात ४० ग्रॅम म्हणजेच ४ टक्के. १० टक्के म्हणजे अडीच मोलर. अण्णा म्हणाले, "मग टक्केच बरं. चाळीस कुठून आलं ते लक्षात ठेवायला नको." खरं आहे. मोलरला पदार्थाचा रेणुभार माहीत लागतो, आणि आमच्या रंगांचा रेणुभार डब्यावर कुणी लिहीत नाही. शिवाय डब्यातला रंग शुद्ध नसतोच, ताकद सारखी ठेवायला कंपनी त्यात मीठ वगैरे मिसळते. अशा पावडरचं मोलर काढणार तरी कसं? वजनाचे टक्के मात्र कुठल्याही पावडरचे निघतात.

२७ मार्च

बाहेर ३९ अंश. पत्र्याखाली त्याहून जास्त. फ्लास्कच्या पोटावर बारीक अक्षरात २७ अंश सेल्सियस छापलंय ते आज पहिल्यांदा नीट वाचलं. उष्ण देशांसाठी काचसामानाचं माप २७ अंशांवर ठरवायची सोय प्रमाणातच आहे, एरवी ते २० वर असतं. दुसरा फ्लास्क जुना, त्यावर २०. मिसळून वापरतो आम्ही.

घाबरायचं कारण आहे का ते मोजलं. पाणी २७ पासून ४० पर्यंत तापलं तर फुगतं साधारण ०.४ टक्के. १ टक्क्याची बाटली ०.९९६ ची होईल. अण्णांच्या डोळ्याला एवढा फरक दिसत नाही, आणि अण्णांच्या डोळ्याला जो दिसत नाही तो पार्टीलाही दिसत नाही. सोडून दिलं. जिथे पिपेट अर्धा टक्का चुकते तिथे ह्याच्यामागे लागणं म्हणजे घोडं मेल्यावर नाल शोधणं.

१७ एप्रिल

मरून पुन्हा फिका. सकाळीही, दुपारीही. थंडीचा प्रश्नच नाही, खोलीत एक्केचाळीस.

अण्णांनी दोन शब्दांत निकाल लावला, "रंग खराब." मी आता त्यांच्याशी वाद घालत नाही, सरळ मिठाच्या पोत्याकडे गेले. गोदामात नवं पोतं आलेलं. पोत्याचा खालचा भाग ओला, फरशीवर पाण्याचा डाग. वर पत्रा गळत नाही, पाऊस नाही, नळाला पाणी येण्याचा आज दिवसही नाही. हमाल म्हणाला, "मीठ घामेजलंय."

हात घातला. वरती पांढरी भुकटी, मध्ये काचेसारखे खडे, तळाला लगदा. जानेवारीत बाटलीच्या तळाशी पाहिलेले तेच लांबट खडे.

ओळखलं. आम्ही घेतो ते निर्जल मीठ, कोरडी भुकटी. ह्या वेळी पुरवठादाराने खड्याचं मीठ दिलं, पाण्याचे दहा रेणू बांधलेलं. ते ३२.४ अंशांच्या वर टिकत नाही, स्वतःत बांधलेलं पाणी सोडतं आणि त्याच पाण्यात अर्धवट विरघळतं. सोलापुरात एप्रिलमध्ये गोदाम ३२ अंशांच्या खाली येतं ते पहाटे तासभर. पोतं घामेजणार नाही तर काय करेल. बिलावर दोन्ही वेळी एकच शब्द: ग्लॉबर सॉल्ट. भाव किलोमागे कमी होता म्हणून मालकांनी खूश होऊन घेतलं होतं.

१८ एप्रिल

आकडे. निर्जल सोडियम सल्फेटचं एक मोल १४२ ग्रॅम, दहा पाण्यासकट ३२२. म्हणजे खड्याच्या १०० ग्रॅममध्ये मीठ ४४, बाकी ५६ ग्रॅम पाणी. बारक्याने ८ ग्रॅम सुकं (त्याच्या मते सुकं) मीठ टाकलं, त्यातलं खरं मीठ साडेतीन ग्रॅम. ८० ग्रॅम पर लिटरच्या जागी ३५.

खड्यानेच काम भागवायचं तर गुणिले २.२७: ८ ग्रॅमच्या जागी १८.२ ग्रॅम, १० टक्क्यांच्या बाटलीला १०० मिलीत २२.७ ग्रॅम. आणि गडद शेडला ते १८ ग्रॅम टाकताना त्यांच्याबरोबर दहा ग्रॅम पाणीही येतं, ते वरच्या ६० मिलीतून वजा करायचं.

हे ताज्या, न घामेजलेल्या खड्याला लागू. ह्या पोत्यात वरून भुकटी, खालून लगदा. कुठल्या मुठीत किती मीठ ते कुणालाच ठाऊक नाही. तीन ठिकाणचा नमुना घेऊन १०-१० ग्रॅम आटवून बघितला. वरच्या भुकटीत ८.९ ग्रॅम मीठ, मधल्या खड्यात ४.५, लगद्यात ३.८. एका पोत्यात तीन मिठं. ह्याला कुठला गुणक लावणार?

पोतं परत. मालकांना किलोच्या भावाऐवजी खऱ्या मिठाचा भाव काढून दाखवला, तेव्हा स्वस्ताई कुठे गेली ते त्यांना आपोआप दिसलं. पुरवठादाराला त्यांनी फोनवर जे सांगितलं ते ह्या वहीत लिहिण्यासारखं नाही.

२१ एप्रिल

नवं पोतं आलं. उतरवण्याआधीच मूठभर आटवून बघितलं: १० ग्रॅमला ९.९. चालेल. आटवायची बशी आता गोदामातच ठेवलीय, आणि बारक्याला शिकवलंय. पंखा बंद करून वजन करायचं म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी आधी गार पाण्याचा माठ भरून घेतला.

दुपारी सुट्टीत अण्णांनी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. चटणी दह्यात कालवता कालवता म्हणाले, "ह्यात शेंगदाणा किती टक्के असंल?" बारक्या लगेच, "कशावर धरायचं, वजनावर की दह्यावर?" अण्णा त्याला चटणी वाढायचं विसरले.

३० एप्रिल

मरून, सकाळी नऊ आणि दुपारी तीन. राखाडी, सकाळी नऊ आणि दुपारी तीन. चार तुकडे वाळवून खिडकीच्या उजेडात ठेवले. अण्णांनी डावा-उजवा बदलला, उलटे केले, एकदा माझ्याकडे पाठ करून पुन्हा मांडले. कुठला सकाळचा ते सांगा म्हणाले. मला सांगता आलं नाही. मग त्यांनाच विचारलं, त्यांनाही नाही. तुकड्यांच्या मागे मी आधीच वेळ लिहिली होती, ती कुणी उलटून बघितली नाही.

शेडकार्डावर त्यांनी सही केली. पार्टीला उद्या जाईल.

बाकी कामं: ०.१ टक्क्याच्या रंगाच्या बाटल्या रोज ताज्या करायच्या, कालचं उरलेलं टाकायचं. पाऊस लागला की सुक्या मिठाचं पोतं प्लास्टिकमध्ये बांधायचं. आणि नोव्हेंबरच्या आधी मिठाच्या बाटल्यांचा तळ रोज सकाळी बघायची सवय पुन्हा लावायची; कागद चिकटवलाय, पण ह्या गर्मीत तो आत्ताच सुटत चाललाय.